पैलवानाचं ताट

"म्हणजे वाईट ते किती, आणि चांगलं किती?"

दस्तगीर वस्तादांनी विचारलं. वयानं ऐंशी ओलांडली होती; जुन्या शिष्याच्या रिपोर्टावरची बारीक अक्षरं आता त्यांना दिसत नव्हती.

"वाईट एकशे सत्तर, चांगलं पस्तीस," सर्जेराव म्हणाला. "डॉक्टर म्हणतोय, वाईट कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांत साचत जातं, चांगलं ते उपसून काढतं. तूप-मटण आवरा, रोज चाला. तीन महिन्यांनी परत रक्त तपासू, नाही उतरलं तर गोळी."

"मग?"

"मग काय, वस्ताद... पैलवानाचं अंग हे. त्याला काय कळतंय? तुम्हीच सांगा की त्याला."

सर्जेराव आला होता तो एवढ्यासाठीच. कितीतरी वर्षांनी.

पंचगंगेकाठच्या त्या तालमीत आता पोरं फारशी येत नव्हती. पण कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीला वास तोच होता, हळदीचा, ताकाचा, घामाचा. सर्जेरावला भरून आलं. इथंच वस्ताद पहाटे स्वतः बदाम घोटायचे, आणि जोर संपले की थंडाईचा पहिला पेला त्याच्या हातात द्यायचे.

"ती थंडाई अजून घेतो मी," तो म्हणाला. "तुपाची वाटीही तीच. तुमचं नाव घेऊन तोंडाला लावतो. कधी चुकवली नाही."

वस्तादांनी विचारलं,

"आणि जोर?"

"सुटले."

"बैठका?"

"गाड्यांचा धंदा वाढला, वस्ताद. वेळ कुठला..."

म्हाताऱ्यानं हात पुढं केला, सलामीला करतात तसा. सर्जेरावनं सवयीनं पंजा दिला. हाडकुळ्या मुठीत त्याचा तळवा मऊ, गुबगुबीत. वस्तादांनी तो बराच वेळ धरून ठेवला, ओळख पटत नसल्यासारखं.

"सर्जा, मी ज्याला थंडाई पाजत होतो, तो कधीच उठून गेला रं. त्याचं ताट तू अजून वाढतोयस."

सर्जेरावनं मान खाली घातली. जोर मारणाऱ्या त्या पोराची त्याला फार आठवण आली...

दुसऱ्या दिवशी तो गाडी घरी ठेवून नदीकाठानं चालत तालमीत आला. पुढंही येत राहिला. आधी नुसतं चालणं, मग हळूहळू खोऱ्यानं हौद्याची माती वरखाली करणं. तुपाची वाटी गेली, चमचा आला. रात्री भाकरी, उसळ, पालेभाजी. सुरुवातीला जेवून उठताना तो घरच्यांवर उगाच खेकसायचा. मग तेही थांबलं.

तीन महिन्यांनी नवा रिपोर्ट घेऊन तो धापा न टाकता तालमीची पायरी चढला.

"वस्ताद, वाईट एकशे तीसवर आलं. चांगलं चाळिशीला टेकलं. जिंकलो."

वस्ताद मातीवर पाणी शिंपडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"बरं झालं..."

हातातलं पाणी त्यांनी संपवलं. मग विचारलं,

"कुस्ती तुझी तुझ्याशीच. मग पडला कोण?"