भुंग्याचं घर आणि उलटी गिटार

वाचून दाखवणाऱ्यांनो, माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफ करा. शब्दही साधेच आहेत. भुंग्याचा आवाज तेवढा मोठ्यानं काढा.

काळा काळा भुंगा. पंखांवर निळी चमक.

राहायचा कुठं? फणसाच्या ओंडक्यात.

ओंडक्याला गोल दार. दाराच्या आत लांब खोली. खोली त्यानं स्वतः पोखरलेली. कुर्र कुर्र कुर्र!

ओंडका कुणाचा? दस्तगीरचाचांचा. चाचा सतारी करायचे. जन्मभर सतारीच केल्या.

एक दिवस केतकी आली.

"चाचा, मला गिटार करून द्या. विजेवर वाजणारी. आणि उलटी!"

"उलटी? ती गं कशाला?"

"मी डावखुरी आहे ना!"

चाचा हसले. "बरं बाई. इतक्या सुलट्या सतारी केल्या. एक उलटी गिटार करून बघू."

करवत चालली. सर्र सर्र! रंधा चालला. खर्र खर्र! पिवळ्या पिवळ्या लाकडाची गिटार झाली. ओंडक्याचा उरला एक तुकडा. त्या तुकड्यालाच ते गोल दार!

चाचांनी तुकडा पेटीत ठेवला. झाकण लावलं. खट्ट!

आणि भुंगा? भुंगा मामाच्या गावाला गेला होता. चांगला महिनाभर.

एका दुपारी तो परत आला. गुंग गुंग गुंग! बघतो तर काय? ओंडका नाही. दार नाही. खोली नाही.

"चाचा, चाचा, माझं घर द्या!"

चाचा म्हणाले, "पेटीत आहे, भुंगोबा. पण आत्ता नाही मिळायचं. गिटारला चीर गेली, तर ठिगळ त्याच लाकडाचं लागतं. गिटार बोलल्याशिवाय मी घर देणार नाही."

भुंगा गेला गिटारकडे. गुंग गुंग गुंग!

"गिटारताई, गिटारताई, बोल ना!
चाचा घर देईना,
भुंग्यानं झोपावं कुठं?"

गिटार म्हणाली, "माझं पोट भरीव. सतारीसारखा भोपळा नाही मला. खोका वाजल्याशिवाय मी बोलणार नाही."

भुंगा गेला खोक्याकडे. काळा चौकोनी खोका. समोर जाळी. गुंग गुंग गुंग!

"खोकादादा, खोकादादा, वाज ना!
गिटार बोलेना,
चाचा घर देईना,
भुंग्यानं झोपावं कुठं?"

खोका म्हणाला, "माझं तोंड मोठं. पण मला कान नाहीत. चुंबकानं सांगितल्याशिवाय मी वाजणार नाही."

भुंगा गेला चुंबकाकडे. चुंबक बसला होता तारांच्या खाली, छोट्या खड्ड्यात. गुंग गुंग गुंग!

"चुंबकभाऊ, चुंबकभाऊ, सांग ना!
खोका वाजेना,
गिटार बोलेना,
चाचा घर देईना,
भुंग्यानं झोपावं कुठं?"

चुंबक म्हणाला, "मला सगळं ऐकू येतं. पण निरोप नेणार कोण? वायर आल्याशिवाय मी सांगणार नाही."

भुंगा गेला वायरकडे. लाल वायर. वेटोळं करून पडली होती. गुंग गुंग गुंग!

"वायरबाई, वायरबाई, जा ना!
चुंबक सांगेना,
खोका वाजेना,
गिटार बोलेना,
चाचा घर देईना,
भुंग्यानं झोपावं कुठं?"

वायर म्हणाली, "जाऊ कुठून? चुंबक इकडच्या खड्ड्यात. खोक्याशी जोडलेली बटणं तिकडच्या खड्ड्यात. मधे लाकूडच लाकूड! भोक पडल्याशिवाय मी जाणार नाही."

चाचांनी ते ऐकलं. कपाळावर हात मारला. टप्प!

"अरेच्चा! सतारीच्या पोटात वायर नसते. वाट ठेवायची राहिलीच की!"

"आता हो?" भुंगा म्हणाला.

"आता गिरमिटाला विचार. भोकं तेच पाडतं."

भुंगा गेला गिरमिटाकडे. गिरमिट खिळ्याला लटकत होतं. लांब टोक, लाकडी मूठ. गुंग गुंग गुंग!

"गिरमिटकाका, गिरमिटकाका, फिरा ना!
वायर जाईना,
चुंबक सांगेना,
खोका वाजेना,
गिटार बोलेना,
चाचा घर देईना,
भुंग्यानं झोपावं कुठं?"

गिरमिट म्हणालं, "माझी मूठ मोठी. खड्डा छोटा. मी आत मावतच नाही! खड्ड्यात बसून पोखरणारा कुणी आण. त्यानं पोखरल्याशिवाय मी फिरणार नाही."

भुंगा खिडकीत जाऊन बसला. ऊन उतरलं होतं. फुलं मिटायला लागली होती. बाकीचे भुंगे आपापल्या घरी निघाले होते.

भुंगा हळूच म्हणाला,

"गिरमिट फिरेना,
वायर जाईना,
चुंबक सांगेना,
खोका वाजेना,
गिटार बोलेना,
चाचा घर देईना,
भुंग्यानं झोपावं कुठं?"

मग तो विचार करायला लागला. खड्ड्यात मावणारा. लाकूड पोखरणारा. असा कोण बरं?

ओंडक्यातली लांब खोली कुणी पोखरली होती?

"अरे! मीच की!"

गुंग गुंग गुंग! भुंगा थेट खड्ड्यात!

चाचा म्हणाले, "सांभाळून हं, भुंगोबा! या खड्ड्यातून शिरायचं, त्या खड्ड्यात निघायचं. मधेच वर आलास, तर गिटारच्या पोटाला खिडकी पडेल!"

गिटार म्हणाली, "दुखेल का रे?"

"नाही गं. गुदगुल्या होतील."

कुर्र कुर्र कुर्र! भुसा उडाला भुरभुर भुरभुर. गिटार हसली खुदुखुदु.

"हलू नकोस ना!" आतून भुंगा ओरडला. "वाट वाकडी होईल!"

गिटार हसू दाबून बसली. कुर्र कुर्र कुर्र!

भुंगा इकडून शिरला. तिकडून निघाला. मिशांवर पिवळा भुसा!

"आऽक्छी!"

झाली वाट. वायर आत गेली. सुळ्ळकन! चाचांनी वायरची टोकं जोडली. चुर्र चुर्र! चुंबकानं खोक्याला सांगितलं. खोका वाजला.

घूंऽऽऽ!

चाचा म्हणाले, "भुंग्या, गप रे!"

"मी कुठं काय केलं?"

घूंऽऽऽ!

"मग कोण करतंय?"

चाचांनी चष्मा लावला. वाकून पाहिलं. एक टोक जोडायचं राहिलं होतं! चुर्र! घूं बंद.

"बघा! उगाच माझं नाव!" भुंगा फुगून बसला.

"चुकलं बाबा," चाचा म्हणाले. "ये, माझ्या खांद्यावर बस."

तेवढ्यात केतकी आली. पळत पळत. तिनं गिटार गळ्यात घातली. उलटी! डाव्या हातानं तार छेडली.

टँग! टँग! टडँऽऽग!

"बोलली!" केतकी म्हणाली.

"बोलली गं बोलली!" चाचा म्हणाले.

"बोलली, आता माझं घर द्या!" भुंगा म्हणाला.

चाचांनी पेटी उघडली. खट्ट! तुकडा बाहेर काढला. त्याच गोल दाराचा. त्याच लांब खोलीचा. मग गिरमिट फिरलं. गर्र गर्र! वरच्या कडेला दोन छोटी भोकं पडली. केतकीनं त्यांत दोरी ओवली. घर खिडकीत टांगलं. डुलू डुलू!

भुंग्यानं पोखरलं,
वायर गेली,
चुंबकानं सांगितलं,
खोका वाजला,
गिटार बोलली,
चाचांनी घर दिलं,
गिरमिट फिरलं,
भुंगा झोपला कुठं?
आपल्या घरात!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात नवा ओंडका आला. चाचांनी करवत उचलली.

"थांबा, थांबा!"

भुंगा घरातून बाहेर आला. गुंग गुंग गुंग! ओंडक्यावर बसला. डोकं आपटून त्यानं विचारलं. टक टक टक!

"आत कुणी राहतं का?"

चाचा करवत धरून उभे. भुंग्यानं कान लावला. या बाजूला. त्या बाजूला. खालून. वरून.

आत कुणीच नव्हतं.

मग भुंगा म्हणाला, "चाचा, आता चालवा."

सर्र सर्र सर्र!