नावेतून मोजलेलं घर

त्या दिवशी आभाळ निवळ होतं. वारा पडलेला, आणि भरतीनं खाडी काठोकाठ भरलेली.

त्या खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचं एक गाव होतं. गावामागच्या डोंगरावर चुना फासलेला एक मोठा धोंडा होता. त्या पांढऱ्या धोंड्यावर नजर ठेवायची आणि दोन्हीकडच्या खडकांमधून नाव आत घ्यायची, ही पिढ्यांची रीत. म्हणून गावचा नियमही वेगळाच, बरं का. घराची उंची तिथं जमिनीवरून मोजत नसत, समुद्रातून मोजत. खाडीच्या तोंडाशी नाव उभी करायची आणि गावाकडे बघायचं. धोंडा दिसला तर घर ठीक. झाकला तर घर उंच.

हिराजी मासळीचा व्यापारी. त्याला घरावर माडी चढवायची होती. जितकी उंच माडी, तितका उंच बांबू त्यानं घरावर उभा केला, टोकाला फडकं बांधलं, आणि गावच्या नावा हाकणाऱ्या म्हाताऱ्या पोसा तांडेलाला घेऊन तो त्या भरतीलाच नावेत बसला. फडक्याच्या वर वीतभर धोंडा दिसत होता.

पोसा म्हणाला, “आता ओहोटी होईतो थांबू. पाणी उतरलं की घर वाढतं, बाबा.”

हिराजी हसला. “पाण्यानं घर वाढतं? मग गवंडी कशाला लावलेत मी?”

आणि नाव माघारी फिरली. माडी उभी राहिली.

कौलं चढली आणि एके दिवशी वारा असा सुटला, की वाळत घातलेले बोंबील दोरीवरून उडून गेले. हिराजीचा शेजारी गोमा दर्यावर होता. त्याची नाव परतली ती ऐन ओहोटीला. खाडीच्या तोंडाशी आली आणि थबकली. डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आत काही येईना. वारा तिला खडकांकडे ढकलत होता.

किनाऱ्यावर गोमाची बायको ओरडली, “आवं, वाट का गावत नाय यांना?”

हिराजीनं पोसाकडे पाहिलं. पोसानं उतरलेल्या पाण्याकडे बोट केलं. मग हिराजीनं आपल्या माडीकडे पाहिलं. उद्या वास्तुशांत होती. दाराला तोरण लागलं होतं. क्षणभर त्याचा पाय उचलेना.

मग तो धावला. गवंड्यांना हाका मारत शिडी चढला. कौलं भिरकावली, आढं सोडवलं, वासे खाली लोटले. तिकडे नावेचं तोंड हळूच वळलं. नाव सरळ आत आली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला गोमानं हिराजीला नावेत घालून तिथंच नेलं. पाणी उतरलं तशी नावही खाली गेली होती. हिराजी बघतच राहिला. केवढा तो डोंगर, केवढं ते आभाळ, आणि पायथ्याशी बोटाच्या पेराएवढी त्याची माडी! तेवढ्याशा कौलांनी अख्ख्या गावाची वाट झाकली होती. त्याचे हात आपसूक जोडले गेले.

ती माडी अजून ठेंगणीच आहे. आत शिरताना वाकावं लागतं.

तात्पर्य: आपल्या घराची उंची शेजाऱ्याच्या नावेत बसून ठरवावी, आणि तीही त्याच्या ओहोटीला. गोमा त्या दिवशी नावेत एवढंच म्हणाला होता, “दादा, काल तू तुझं छप्पर उतरवलंस, म्हणून माझ्या घरावर छप्पर राहिलं.”