आवडूमावशीचं छप्पर

“यापुढं रेषा तुम्हीच मारा, मेस्त्री. मारणार ना?”

बाबल मेस्त्री छपराचा वासा तासत राहिले.

निशिकांतनं कंपास त्यांच्या पायाशी ठेवला. तीन वर्षं हाताखाली राबल्यावर मेस्त्रींनीच तो त्याला दिला होता. पहिलं स्वतंत्र काम आवडूमावशीचं. घर खाडीच्या अगदी तोंडावर. “छप्पर बसकं ठेव, तिथला वारा वाईट,” एवढंच मेस्त्री तेव्हा म्हणाले होते.

निशिकांतला मात्र ते लांबून उठून दिसायला हवं होतं. त्यानं उंच, टोकदार छप्पर चढवलं.

परवाच्या वादळात ते उडालं. मावशी शेजारणीकडे गेली होती, म्हणून वाचली.

“फळीवर त्रिकोण काढ,” मेस्त्री म्हणाले. “दोन बाजू सारख्या. वरचा कोन काटकोनाहून मोठा.”

“मेस्त्री, माझ्यानं आता...”

“काढ रे.”

त्यानं खडूनं पाया आखला. कंपास जेमतेम उघडला. डाव्या टोकावर टेकवून एक कंस मारला, तेच माप ठेवून उजव्या टोकावरून दुसरा.

कंस एकमेकांपर्यंत पोचलेच नाहीत. मध्ये चार बोटं फळी कोरी राहिली.

शाळेतल्या पोरानंही केली नसती अशी चूक. निशिकांतचे कान तापले.

“तेव्हा आभाळाला टेकायला निघालास,” मेस्त्री हळूच म्हणाले. “आणि आता इतका आखडलास, की भेटच होईना...”

गुडघ्यावर हात टेकत ते खाली बसले. निशिकांतच्या बोटांवर आपली बोटं ठेवून त्यांनी कंपास थोडा उघडला. पायाच्या निम्म्याहून जरासाच जास्त.

“हं. मार.”

या वेळी कंस भेटले. पायापासून फार वर नाही. त्या बिंदूपासून निशिकांतनं दोन्ही टोकांना रेषा जोडल्या. पिलांवर पंख पसरून कोंबडी बसावी तसा त्रिकोण फळीवर बसला.

निशिकांतनं त्याच्या टोकावर बोट ठेवलं.

“आणि... हेही उडालं तर?”

“माझी किती उडाली, विचारलंस कधी?”

निशिकांतनं मान वर केली. त्याला वाटायचं, एकही नाही.

“किती?”

मेस्त्रींनी कंपास मिटून त्याच्या हातात दिला आणि वरून त्याची मूठ दाबली.

“तुझं धरून तेरा.”