गुडघ्याला बांधलेला हरभरा

शके सोळाशे एकाहत्तर. पौष महिना, कडाक्याची थंडी. मायाक्का धनगरणीच्या मेंढ्या तांबोरगडच्या राजाच्या मळ्यात शिरल्या आणि हरभरा फस्त करून बाहेर आल्या. राजाने सगळा कळप कोंडवाड्यात घातला. तेवढंच तिचं घरदार होतं.

"खाल्लेला हरभरा परत दे! नाहीतर कळप खाटकाला!" गंभीरराव राजा गरजला. तो बसूनच गरजत असे. थंडीत त्याचे गुडघे आखडत.

"मेंढ्यांनी खाल्लाय, मेंढ्याच फेडतील," मायाक्का म्हणाली. "महाराजांसारखा दयाळू राजा..."

"मला हरभऱ्याच्या झाडावर चढवतेस?"

"ह्या गुडघ्यांनी जिना चढवत नाही, झाड कुठलं चढताय!"

दरबार खाली मान घालून हसला. राजा लालबुंद झाला.

"मग गुडघ्यांना पट्टे आण! दर थंडीला नवे. जनावर मारायचं नाही, खजिन्याला हात लावायचा नाही. पट्टे कधी संपता कामा नयेत आणि जुन्यांचा ढीग माझ्या महालात साठताही कामा नये! माघी पौर्णिमेला जमलं नाही, तर सुरी तयार आहे."

"जी. पण कोंडलेल्या जनावराला चारा राजाचा असतो."

"भुसा घाला त्यांना!" राजा ओरडला. कोठारात हरभऱ्याचाच भुसा होता.

माघात मायाक्काने कोंडवाड्यातच कळप कातरला. लोकर पिंजली, कातली, विणली. पौर्णिमेला राजाच्या गुडघ्यांना जाड पट्टे बांधले.

"टोचतंय!"

"टोचू दे. ऊब येतेय का?"

राजाने पाय हलवला. उभा राहिला. जिना चढला, उतरला, पुन्हा चढला! मागे प्रधान धापा टाकत धावला.

"पट्टे झकास!" राजा वरून ओरडला. "पण संपणार कसे नाहीत? साठणार कसे नाहीत?"

"फाटले की मळ्यात गाडा, लोकर कुजून खत होईल. वर रात्री माझ्या मेंढ्या बसवा. लेंडीखत पडेल, हरभरा पिकेल. दाणे तुम्ही खा, भुसा मेंढ्या खातील. लोकर वाढली की नवे पट्टे!"

"आणि मळ्यातला खाल्लेला हरभरा? तो कुठंय?"

"गुडघ्यांना बांधलाय की, महाराज! त्याच्याच जोरावर चढलात!"

राजा पायरीवर बसून पोट धरधरून हसला. प्रधानही हसला, पण त्याला अजून दम लागलेला होता. कोंडवाडा उघडला. गडाखालचं कुरण मायाक्काच्या कळपाला कायमचं मिळालं.

हरभरा फिटला.