जिथून उडालो, तेच घर

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे त्या दिवशी मी तापाने अंथरुणात पडून होतो, पण पाहिली.

फार फार वर्षांपूर्वी, गेल्याच पौषात, मोरेश्वर फोटोवाल्याने खाडीत इब्राहिम तांडेलाच्या होडीवरून ड्रोन उडवला. उडाला ती जागा ड्रोनने घर म्हणून मनात कोरून ठेवली. तो लांब निघून गेला आणि इकडे ओहोटीने होडी पार खाडीच्या तोंडाशी नेली. बॅटरी संपत आली, तसं मोरेश्वरने ‘घरी ये’चं बटण दाबलं.

ड्रोनच्या अंगात दोनच मिनिटांचा जीव उरला होता. वाटेत त्याला एक कुरव पक्षी भेटला.

“अरे बाबा, कुठे निघालास? तुझी होडी तिकडे आहे.”

“घर इकडे आहे. जिथून उडालो, तेच घर.”

“तिथे नुसतं पाणी आहे रे! खाली बघ तरी.”

“बघायचं कशाला? मला जागा पक्की ठाऊक आहे.”

होडीवर मोरेश्वर ओरडला, “तांडेल, तो तिकडे का उतरतोय?”

“आपण हललो, हे त्याला सांगितलंस का?” तांडेलाने विचारलं.

ड्रोन अगदी नेमक्या जागी, सावकाश, पाण्यात उतरला.

आता खरं सांगतो. यातला कुरव मी पदरचा घातला. त्या दिवशी ड्रोनला वाटेत सांगणारं कोणीच भेटलं नव्हतं.