काठवटीच्या पोटाची थापी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मोजायला कोणी बसलं नव्हतं. सिमिटाचं नाव कोणी ऐकलं नव्हतं, एवढं धरून चाला. तेव्हा भिंती चुन्यावर उभ्या राहत आणि माणसं शब्दावर, असं म्हणतात. शब्दाचं सोडा, चुन्याच्या भिंती मात्र अजून उभ्या आहेत.

निंबळे नावाचं गाव होतं. गावाला नदी होती, नदीला बंधारा होता आणि बंधाऱ्यातून पाट निघाला होता. पाट डोंगराच्या कडेकडेनं चालत यायचा आणि एका खोल ओढ्यापाशी थांबायचा. ओढ्याच्या पलीकडं पैलवाडी, चाळीस उंबऱ्यांची. पाणी अलीकडं, तोंडं पलीकडं. म्हणून वाडीनं ओढ्यावर तीन कमानी उभ्या केल्या आणि त्यांवरून दगडचुन्याची पन्हळ नेली. पाण्यानं तिच्यातून चालत यायचं, रब्बी भिजवायची आणि आडात झिरपून प्यायलाही पुरायचं.

ही पन्हळ बांधली कोंडाजी गवंड्यानं. कोंडाजी पैलवाडीचाच, हाडाचा कारागीर. त्यानं बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावायला जो जाई तो लाजून परत येई, असं म्हणतात. घरं बांधण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. म्हणून पन्हळही त्यानं घरासारखीच बांधली: तळ सपाट, भिंती सरळ, कोपरे काटकोनात. वर लोखंडी थापीनं गिलावा असा घोटला की त्यात तोंड बघून मिशीला पीळ द्यावा.

पाडव्याला पाट सुटला. दिवाळीचा पाडवा तो. पाणी आलं. नवव्या दिवशी कोपऱ्यातला गिलावा सुटला आणि सगळं पाणी धो धो ओढ्यात.

दुसऱ्या वर्षी कोंडाजीनं चुन्यात गूळ वाढवला. नवव्या दिवशी पाणी ओढ्यात. तिसऱ्या वर्षी हिरडा वाढवला, बेलफळ घातलं, थापी आणखी दाबून घोटली. वाडीनं बोकडही दिला. बोकड सगळ्यांनी खाल्ला, हाडं कुत्र्यांनी खाल्ली, पाणी ओढ्यातच. पुढं पुढं कोणाची घागर गळली, कोणाच्या नाकाला पाणी आलं, तरी लोक म्हणायचे, "कोंडाजीची पन्हळ हो!" हसायला तेवढंच उरलं होतं.

चौथ्या वर्षी भाद्रपदात पैलवाडीचा पाटील मालजी यानं माणसं जमवली. म्हणाला, "तीन रब्ब्या गेल्या. आडात चिखल राहिलाय. ह्या पाडव्याला पाणी सुटंल. नऊ दिवस बघू. न्हाई टिकलं, तर धाव्या दिवशी गाड्या जुंपायच्या. ज्याचे पाव्हणे जिथं, त्यानं तिथं जायचं."

चाळीस उंबरे चाळीस गावांना जाणार, वाडीचं नावही उरणार नाही, हे प्रत्येकाला कळलं. पाटलाची म्हातारी आई भागाआजी म्हणाली, "माज्या गाडीला बैल जुंपू नका. मी बसणार न्हाई." पण म्हातारीचं कोण ऐकतो.

कोंडाजी घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून निजला. जेवायलाही उठला नाही.

त्याची बायको धुरपदा. तिला सगळे धुरपा म्हणत. लग्न होऊन आली तेव्हापासून डोक्यावर चुन्याची पाटी वाहिलेली, नवऱ्याच्या प्रत्येक भिंतीचं वजन मानेत मुरलेलं. बोलायला फटकळ. वाडी सोडून जाणं तिला नुसतं घर सोडणं नव्हतं. नवरा जाईल तिथं 'पन्हळवाला' म्हणून ओळखला जाईल आणि त्याच्या हातात पुन्हा कोणी थापी देणार नाही, हे तिला दिसत होतं. थापीवाचून हा माणूस वर्षभर जगायचा नाही, हेही दिसत होतं.

तिनं गोठ्यात जाऊन गुरांची दगडी डोण धुवायला घेतली. डोणीचे कोपरे चौकोनी. त्यांत जुना कोंडा कुजून बसलेला. काडीनं खरवडला तरी निघेना. दगडही तिथंच भुसभुशीत झालेला. मग ती आत आली, भाकऱ्या झाल्यावर पीठ मळायची लाकडी काठवट धुवायला घेतली. तांब्याभर पाणी ओतलं, एकदा गरगर फिरवलं आणि फेकलं. काठवट लख्ख. पिठाचा कणसुद्धा नाही.

तिनं काठवट पुन्हा भरली. पुन्हा फिरवली. मग तशीच ओली काठवट घेऊन नवऱ्याच्या अंगावर जाऊन उभी राहिली.

"आवं, पन्हळीला कोपरं कशाला?"

"मग काय पाळणा बांधू?"

"हिला कोपरा हाय का? ह्यात पाणी अडतंय का? पाणी कुठं अडत न्हाई, तर कुरतडंल काय?"

"भाकरी थापणाऱ्या बाईनं भाकरी थापावी."

"थापते की. माजी भाकरी अजून वढ्यात पडली न्हाई."

कोंडाजी उठून बसला. तीन वर्षांत त्याला एवढं टोचून कोणी बोललं नव्हतं. लोक पाठीमागं बोलायचे. त्यानं काठवटीतून हात फिरवला, आणखी एकदा फिरवला. मग म्हणाला, "खरं हाय. पण गोल गिलावा करू कशानं? थापी सपाट. हातानं केला तर बोटांचे खड्डे पडतात, त्यात पाणी घुसतं. पोट असलेली थापी लागंल, अन् तसली कोणी केली न्हाई."

धुरपा दुसऱ्या दिवशी निंबळ्याच्या सुताराकडं गेली. सुतार म्हणाला, "पितरांचा पंधरवडा चाललाय. नवं काम धरत न्हाई. आन् पोटुशी थापी तर पंधरवडा संपल्यावर बी करणार न्हाई, लोक हसतील."

"लोकांचं सोड, तू हसून घे," धुरपा म्हणाली आणि परत आली.

ओढ्याकाठचा उंबर वादळात मोडला होता आणि त्याची मांडीएवढी फांदी वर्षभर गोठ्यावर सुकत पडली होती. उंबर तोडू नये हे खरं, पण वाऱ्यानं पाडलेल्या फांदीचं पाप वाऱ्याला. आणि उंबराचं लाकूड पाण्यात कुजत नाही. जुने लोक विहिरीच्या तळाला उंबराचंच कडं घालत. धुरपानं हातभर लांबीचा ओंडका तोडला. कुऱ्हाडीनं वरची बाजू सपाट केली आणि वाकसानं, म्हणजे सुतारी तासणीनं, खालची तासायला घेतली. लाकडाच्या रेषा लांबीच्या अंगानं ठेवल्या, कारण आडव्या रेषेची थापी चुन्याला ओरबाडते. एवढं तिला पाट्या वाहता वाहता ठाऊक झालं होतं.

पण तासलेलं पोट काठवटीच्या पोटासारखं झालं की नाही, हे कळायचं कसं? तिनं काठवटीत गेरू कालवून आतून पातळ हात दिला. ओंडका आत ठेवला, हलवला, उचलला. जिथं उंचवटा तिथं तांबडा डाग. तेवढाच डाग खापरीनं खरवडायचा. पुन्हा गेरू, पुन्हा ओंडका, पुन्हा डाग. आठ दिवस हेच. पहिल्या दिवशी तीन डाग उठले, चौथ्या दिवशी तीस. कोंडाजी म्हणाला, "बिघडलं." ती म्हणाली, "जमत आलं. आता सगळीकडनं टेकतंय." लोक सांगतात की तिच्या बोटांतलं रक्त त्या लाकडात मुरलं. कशाला मुरेल? गेरू होता तो.

आठव्या दिवशी ओंडका उचलला तर सगळं पोट एकसारखं तांबडं. तेव्हा तिनं तो पुन्हा आत बसवला आणि काठवटीच्या काठावर एक मुंगी सोडली. मुंगी ओंडक्याच्या कडेकडेनं सगळी फिरली, आत शिरायला फट शोधत होती, आणि जिथून निघाली तिथंच परत आली, असं म्हणतात. कोंडाजीनं ते पाहिलं आणि थापीची मूठ त्यानं स्वतः केली. मोडक्या नांगराच्या रुमण्याचा, म्हणजे मुठीच्या दांड्याचा, तुकडा घासून तिच्या हाताच्या मापाचा केला आणि वेळूच्या खुंट्यांनी बसवला. लोखंडी खिळा नाही. खिळा चुन्यात गंजतो, डोकं वर काढतो आणि गिलावा फाडतो. मग थापी दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवली, कारण तहानलेलं लाकूड गिलाव्यातलं पाणी पिऊन टाकतं.

घटस्थापनेला काम धरलं. जुने कोपरे खापऱ्यांच्या तुकड्यांनी आणि चुन्यानं भरले. वरून गिलावा. कोंडाजी माल टाकत पुढं, धुरपा गुडघ्यावर बसून थापी ओढत मागं. लाकडानं गिलावा चकचकीत होत नाही, मांजराच्या जिभेसारखा खरखरीत राहतो. कोंडाजीचे हात शिवशिवले.

"एकदा लोखंडी थापी फिरवू का? नुसती वरनं?"

"न्हाई."

"अगं, दिसतंय कसं!"

"दिसायला पन्हळ लग्नाला उभी हाय का? खरखर ऱ्हाऊ द्या. वरच्या थराला धरायला काय तरी पायजे."

त्या खरखरीत थराला दुसरा थर असा बिलगला की दोन्ही एक झाले. ओली पोती टाकून पाडव्यापर्यंत भिजत ठेवलं.

पाडव्याला पाट सुटला. अख्खी पैलवाडी ओढ्याकाठी उभी. दरवर्षी पाणी पन्हळीत शिरताना खळखळायचं. ह्या वर्षी पाणी आलं, कमानींवरून गेलं, पलीकडं उतरलं आणि आवाजच झाला नाही. लोणी तव्यावरून सरकावं तसं गेलं, असं म्हणतात. लोकांना वाटलं पाणी आलंच नाही. वाफ्यातून कोणी तरी ओरडलं, "अरे, पाय भिजले!" तेव्हा कळलं.

पण हसलं कोणी नाही. नऊ दिवस जायचे होते.

आठ दिवस गेले. कोंडाजी रोज कमानीखाली जाऊन हात वर करून दगड चाचपायचा आणि कोरडा हात बायकोला दाखवायचा. नववा दिवस उजाडला. लोकांनी गाड्या भरल्या होत्या. उतरंडी बांधल्या, जाती उचलून ठेवली. उन्हं वर आली आणि कमानीखालून हाळी उठली, "गळतंय! मधली कमान गळतेय!"

धावाधाव झाली. मधल्या कमानीच्या कडेवरून थेंब थेंब पाणी पडत होतं. मालजी पाटलानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. कोंडाजी मटकन खाली बसला. धुरपा पदर खोचून दरड चढली आणि पन्हळीवर गेली.

वर भागाआजी पन्हळीच्या काठावर पाय सोडून बसली होती. शेजारी घागर. घागरीच्या बुडाला चीर, चिरेतून पाणी काठावरून खाली.

धुरपानं कपाळाला हात लावला. "आत्याबाई, ही घागर कवापास्नं गळतीया?"

"म्हातारा होता तवापास्नं. का गं? खाली वरडतंय कोण एवढं?"

धुरपानं घागर उचलली आणि कमानीकडं वाकून ओरडली, "पाटील! पन्हळ बरी हाय! तुमची आई गळतीया!"

आधी कोणाला कळलं नाही. मग थेंब थांबला. मग असं हसू उठलं की ओढ्यातल्या टिटव्या उडाल्या. बायका हसता हसता रडल्या. कोंडाजी बसल्या जागी दोन्ही हातांनी माती उचलून डोक्यावर टाकत होता, पोरासारखा हसत. दहाव्या दिवशी मालजी पाटलानं आपल्या हातानं बैल सोडले. बैल सरळ पाटावर गेले आणि तोंड घालून प्यायले. ते प्यायले तेवढं पाणी कुठल्याच बैलानं कधी प्यायलं नसेल, असं म्हणतात. जाती उतरली, उतरंडी सुटल्या आणि चाळीस चुली पेटल्या. कोंडाजी त्या दिवशी सात भाकऱ्या जेवला.

धुरपा पुढं खूप जगली. ती गेली तेव्हा पाट तासभर थांबला होता, असं म्हणतात. वर कोणी फळी टाकली असेल. पण थांबला होता.

पन्हळ अजून आहे. आणि पैलवाडीत अजून एक रीत आहे, तिला 'धुरपाचं पुसणं' म्हणतात. घरात नवी सून आली की पाचव्या दिवशी घरातला कर्ता पुरुष तिच्यासमोर जमिनीवर बसतो आणि विचारतो, "बाई, ह्या घरात काय चुकतंय?" ती सांगेल ते सगळ्यांनी मुकाट ऐकायचं. उलट बोलायचं नाही. गेल्या वैशाखात एका सुनेनं खाली मान घालून सांगितलं की मोरीचा उतार उलटा आहे, पाणी चुलीकडं येतं. मोरी सासऱ्यानं स्वतः बांधलेली. त्याचं तोंड कडू झालं. मग तो उठला, बाहेर गेला आणि चुना भिजवायला बसला.