जिन्याखालची पाचवी

बोरघोळात कुणाच्याही घरी जा. सोप्याच्या भिंतींना पोपडे आलेले दिसतील, पण जिन्याखालची तिरकी जागा चुन्यानं लख्ख आणि गेरूच्या वेलबुट्टीनं भरलेली असेल. ज्यांच्याकडे जिना नाही ते दाराआडची भिंत रंगवतात. मघाशी तुम्ही म्हणालात, 'केरामावशी, अडचणीची जागा किती छान सजवलीत.' राग मानू नका, पण हौस म्हणून नाही हो ते. फोटो नंतर काढा, आधी ऐकून घ्या.

असं सांगतात की गावात पहिला जिना शेट्यांच्या घराला झाला. बळवंत शेटे धान्याचा मोठा व्यापारी. माडी बांधली, नक्षीचे खांब लावले, येईल त्याला फिरवून दाखवायचा. जिन्याखाली मात्र केरसुण्या, फाटकी पोती, मोडकं सूप. तिथं ताठ उभं राहिलं की डोकं पायरीला आपटायचं. आणि त्याच जागेत त्यानं आपल्या बाळंत सुनेला टाकलं. सुंदरा तिचं नाव. तिसरी मुलगी झाली, एवढाच तिचा गुन्हा. मुलगी काय तिनं एकटीनं आणली होती? सासू गप्प, नवरा गप्प, शेजारपाजार गप्प. आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पाचवीला सटवाई येते, बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. पाटा मांडून तिची पूजा करावी लागते. शेटे म्हणाला, 'तिसऱ्या पोरीची कसली पाचवी?' त्याला त्या दिवशी वेगळीच घाई होती. मुलाचं दुसरं लग्न जमवायचं होतं. मुलीकडचे यायचे म्हणून सोप्यात तोरणं, रांगोळ्या, नवं जाजम. सोयरीक जुळली की सुंदरा तीन पोरींसकट घराबाहेर, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळीच सुंदराची आई चिमाबाई आली. चुना-गेरूची कामं करणारी बाई. शेट्यांच्या सगळ्या भिंती तिच्याच हातच्या. लेकीला मान वाकवून बसलेली पाहिली, तान्ह्या बाळासकट तिला परसात उन्हाला बसवलं. भांडली नाही, रडली नाही. 'या घराची एवढीच भिंत माझ्या हातची राहिली होती,' म्हणाली आणि पोती बाहेर फेकली. शेटे ओरडत राहिला, तिनं म्हणे वळूनही पाहिलं नाही. चुना दिला, एकेका पायरीच्या पोटाला गेरूचा वेल काढला. शेट्यानं गड्याकडून त्यावर दोनदा चुना फासून घेतला. दोन्ही वेळा वाळता वाळता वेल पुन्हा वर आला. तिसऱ्यांदा गड्याचा हातच उचलेना. मग चिमाबाईनं खाली पाटा मांडला, दिवा लावला आणि लेकीला आत आणलं.

दिवेलागणीला पाहुणे आले. पाचवी मांडलेल्या घरात आलेल्या बाईनं आधी सटवाईला हळदकुंकू वाहायचं, ही रीत. लग्नाच्या मुलीच्या आईला जिन्याखाली दिवा दिसला, ती तिकडे वळली. वाकता वाकता डोकं पायरीला आपटून तिला टेंगूळ आलं. खाली बसून तिनं बाळाला मांडीवर घेतलं.

'कितवी?' तिनं विचारलं.

'तिसरी,' सुंदरा म्हणाली.

बाईनं बाळाला सुंदराच्या मांडीवर परत दिलं. मग बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, 'चला. उद्या आपली पोर इथंच बसायची.' सोप्यातल्या फराळाला हात न लावता ती माणसं निघून गेली.

गोष्ट पंचक्रोशीत पसरली आणि शेट्यांना कुणी मुलगी देईना. बारशाच्या दिवशी बळवंतानं स्वतः सुंदराला माजघरात आणून बसवलं. लाजून नव्हे, नाइलाजानं. असू दे, नाइलाजानं का होईना, पोरींचं छप्पर टिकलं. तेव्हापासून गावात दिवाळीचा पहिला चुना जिन्याखाली लागतो.

आजही आमच्याकडे सोयरिकीला गेलं की मुलीची आई सोप्यात टेकत नाही. आधी जिन्याखाली बघते, दाराआड बघते. अडगळ दिसली तर पाणीसुद्धा न पिता उठायचं. लोक आम्हाला आगाऊ म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्या नातीला आई नाही, म्हणून गेल्या वर्षी तिच्यासाठी मीच चार घरं पाहिली. चकचकीत फरशी, भिंतभर टीव्ही, नवेकोरे सोफे. भर उन्हाळ्याचे दिवस होते, आणि चारही घरांतून मी तहानलेली परत आले.